ओव्हन बट्टीनं बिघडला नव्हता

आमच्या दोन्ही घरांत, म्हणजे जळगावला माझ्याकडे आणि धुळ्याला देवपुरात माझ्या विहीणबाईंकडे, एक गोष्ट गेलं वर्षभर मोठ्या चवीनं सांगितली जाते. विहीणबाईंनी त्यांच्या मुलीच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये तुपात माखलेल्या कणकेच्या बट्ट्या लावल्या, ओव्हन बंद पडला, आणि दुसऱ्या दिवशी मी तो खोलून दुरुस्त केला. सांगणारा प्रत्येक जण शेवटी माझ्याकडे बोट करून म्हणतो, "आबांचा हात लागला आणि लाल झाला बघा रॉड." ही गोष्ट चोपड्यापर्यंत, विहीणबाईंच्या माहेरी पोहोचली आहे. तिथल्या एका लग्नात वरण-बट्टीची पंगत बसली असताना कुणीतरी म्हणालं, "अक्काला लांब बसवा रे, जवळपास लाइटचं काही असेल तर बंद पडेल." सगळे हसले. त्याही हसल्या म्हणतात.

या गोष्टीतली दुरुस्ती खरी आहे. बाकीची गोष्ट खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे एकट्या मला ठाऊक होतं. म्हणून आता सगळं नीट सांगतो.

माझं आयुष्य पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरण्यात गेलं. जळगावला माझं वाइंडिंगचं दुकान होतं. केळीच्या बागांतले पंप उन्हाळ्यात रांगेनं जळत आणि शेतकरी ते मोटरसायकलवर मागे बांधून आणत. आणणारा प्रत्येक जण सांगे, "व्होल्टेज कमी होतं." मी झाकण उघडून आतल्या तारा पाहिल्या की मला कळायचं, की पंप कोरडा चालला, की बेअरिंग गेलं, की कुणी फ्यूजच्या जागी जाड तार घातली. जळालेली वस्तू खोटं बोलत नाही, आणणारा बोलतो, असं मी तेव्हा म्हणत असे. हे वाक्य पुढे माझ्याच अंगावर येईल असं वाटलं नव्हतं.

माझी दुसरी ख्याती भरिताची. वांगं असोद्याचंच हवं, ते कापसाच्या वाळलेल्या काड्यांवरच भाजलेलं हवं, आणि काड्यांचा धूर त्यात उतरलेला हवा. गॅसवर वांगं भाजणाऱ्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली. "ते शिजलेलं वांगं, भाजलेलं नाही," असं मी भर पंगतीत म्हणालो आहे, यजमानीण वाढत असताना. त्यामुळे आमच्या नात्यात माझ्यासमोर भरीत करायला बायका घाबरतात. बायको म्हणते, "घाबरत नाहीत, कंटाळतात."

तर मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघं मुलाकडे देवपूरला गेलो. असोद्याच्या मित्रानं शेतातली वांगी काढून दिली होती, हिरवट पांढरी, एकेक हातभर. पिशवी मी बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो. मुलाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. गच्चीवर जाळ करायला बंदी. सून कॉलेजात शिकवते. सकाळी निघताना तिनं विचारलं,

"आबा, संध्याकाळी येऊन मी गॅसवर भाजू का?"

"गॅसवर कशाला? सरळ खिचडी लाव."

"मग कशावर भाजणार?"

"तू जा कॉलेजला. मी बघतो."

मी आधीच हेरून ठेवलं होतं. इमारतीच्या मागे वॉचमनची चूल होती. त्याची बायको तिच्यावर अंघोळीचं पाणी तापवायची. मुलगा-सून कामावर गेले, बायको दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या विहीणबाईंना घेऊन बाजारात गेली, तसा मी वांग्यांची पिशवी घेऊन खाली उतरलो. चूल थंड. खोलीला कुलूप. वॉचमन कुटुंबासह गावी गेला होता आणि बदलीचा माणूस खुर्चीवर बसून मोबाइल बघत होता.

पिशवी घेऊन पुन्हा वर आलो. दुपारी विहीणबाई आमच्याबरोबर जेवायला येणार होत्या आणि भरीत मी करणार हे सगळ्यांना सांगून झालं होतं. ओट्यावर सुनेचा ओव्हन होता. चौकोनी, काचेच्या दाराचा, वर दोन आणि खाली दोन रॉड. रविवारी ती त्यात नानकटाई करते. मी स्वतःला समजावलं, की लाल झालेला रॉड म्हणजे निखाराच की. तारेतला निखारा. माझ्यासारख्यानं त्याला कमी लेखायचं काही कारण नव्हतं.

इथपर्यंत ठीक होतं. चूक पुढे झाली, आणि ती भरिताचा अभिमान असलेला माणूसच करू शकतो. ओव्हनबरोबर ट्रे येतो, वांगं त्यात ठेवायचं असतं. पण काड्यांवर भाजताना वांग्याचं पाणी खाली गळून जातं. ट्रेमध्ये ते स्वतःच्याच पाण्यात उकडलं असतं. म्हणून मी ट्रे काढून बाजूला ठेवला आणि तेल लावलेली वांगी नुसत्या जाळीवर आडवी टाकली. खाली उघडा रॉड.

बराच वेळ छान चाललं. मग सगळ्यात मोठं वांगं, जे उजव्या भिंतीला टेकलं होतं, ते फुटलं. रस रॉडवर पडला, चर्र झालं, आणि दाराच्या फटींतून धूर यायला लागला. मी खिडक्या उघडल्या, पंखा लावला, ओव्हन बंद केला. वांगी मात्र सुरेख भाजली गेली होती, साल हात लावताच सुटली. मग घाईघाईनं ओल्या फडक्यानं ओव्हन आतून पुसून काढला, रॉड अजून गरम असतानाच. दुकानात एखाद्या पोऱ्यानं असं केलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं.

दुपारी पानं मांडली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत, कांद्याची पात. विहीणबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. त्यांच्या जिभेला दोन्हीकडच्या नात्यात मान आहे. लग्नकार्यात आचारी वरणाची चव त्यांना दाखवल्याशिवाय पातेलं उतरवत नाही.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "धूर कसा छान उतरना शे."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "कुठे भाजलंत?"

"खाली. वॉचमनच्या चुलीवर."

एवढंच बोललो. भाकरी मोडली आणि जेवत राहिलो. खोटं सांगून जेवण गोड लागायला नको होतं, पण लागलं.

संध्याकाळी विहीणबाईंनी बट्टीचं पीठ भिजवलं. आमच्याकडे बट्ट्या उकडून तळतात किंवा निखाऱ्यावर भाजतात. सून म्हणाली, "आई, ओव्हनमध्ये लाव, तेलच नको." विहीणबाई बिचकत होत्या, पण मुलीचा उत्साह बघून त्यांनी गोळे केले, वरून तूप लावलं आणि ट्रे आत सरकवला. आम्ही सगळे स्वयंपाकघरातच गप्पा मारत होतो. थोड्या वेळानं आतून बारीक टप् असा आवाज आला. दिवा चालू राहिला, टायमर टिकटिकत राहिला, आणि बट्ट्या जशा होत्या तशाच पांढऱ्या. सुनेनं दार उघडून हात धरला तर आत ऊब उतरत चाललेली.

"तूप सांडलं असेल आत," मुलगा म्हणाला. मनात काही नव्हतं त्याच्या, सहज बोलला.

"मीच जास्ती लावलं," विहीणबाई म्हणाल्या.

त्या बट्ट्या कढईत तळल्या. वरणाबरोबर सगळ्यांनी भरपूर खाल्ल्या. विहीणबाईंनी एकच घेतली.

सकाळी मी ओव्हन जेवणाच्या टेबलावर घेतला. विहीणबाई लवकरच आल्या आणि समोर बसल्या, दवाखान्यात नातेवाईक बसतात तशा. आधी मी पॉवरच्या सॉकेटमध्ये इस्त्री लावून पाहिली. तापली, म्हणजे सॉकेट ठीक. ओव्हन लावून टायमर फिरवला तर दिवा लागत होता, म्हणजे वायर, प्लग आणि टायमर ठीक. नॉब फिरवून पाहिला, वरचे रॉडही थंड आणि खालचेही थंड.

"दोन्हीबी गया?" विहीणबाईंनी विचारलं.

"दोन्ही एकदम जात नाहीत सहसा. दोघांचं मिळून काहीतरी एक गेलं असणार."

प्लग काढून मी ओव्हन उलटा केला, बाजूच्या पत्र्याचे स्क्रू काढले. विहीणबाई एकेक स्क्रू वाटीत ठेवत होत्या. माझ्याकडे तार तपासायचा सिरीजचा बल्ब असतो, गावाला जातानाही बॅगेत असतो, बायको त्यावरून टोमणे मारते. रॉडच्या वायरी सोडवून एकेक रॉड त्या बल्बमधून तपासला. प्रत्येक वेळी बल्ब लागला. म्हणजे रॉडमधली तार शाबूत. थर्मोस्टॅटमधूनही करंट जात होता. बल्बची एक वायर रॉडला आणि दुसरी ओव्हनच्या पत्र्याला लावली, तेव्हा लागला नाही, म्हणजे पत्र्यात करंट उतरत नव्हता.

मग राहिला फक्त जोड. उजव्या बाजूला, खालच्या रॉडच्या टोकाशी, वरच्या आणि खालच्या रॉडांची परतीची वायर एकत्र आली होती. तिथली क्लिप जळून काळी पडली होती. बोट लावलं तर चुरा झाला. तो जोड तुटला म्हणून वरचे-खालचे सगळे रॉड बंद. आणि त्या काळ्या चुऱ्याच्या बाजूला, चिनीमातीच्या मण्याला चिकटून, तीन-चार बारीक चपट्या बिया होत्या.

वांग्याच्या बिया.

फुटलेल्या वांग्याचा रस, रॉड भिंतीत शिरतो त्या भोकातून आत गेला होता, आणि बाकीचा मी ओल्या फडक्यानं आत ढकलला होता. दुपारी तो तिथे वाळला. संध्याकाळी बट्ट्यांसाठी ओव्हन पुन्हा तापला तेव्हा जोडावर ठिणगी पडत राहिली आणि शेवटी क्लिप गेली. तुपाचा एक थेंबही तिथवर पोहोचला नव्हता.

"तुपानं ना, भाऊ?" विहीणबाईंनी विचारलं.

मी बिया पॉलिश पेपरनं घासून टाकल्या. "होतं असं कधीकधी," म्हणालो.

बाकी दुरुस्ती सोपी होती. आग्रा रोडवरच्या दुकानातून वायरच्या टोकाला बसवायची जाड थिंबल आणि आग सोसणारी फायबरची नळी आणली. वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापली, रॉडचं टोक घासून साफ केलं, थिंबल पकडीनं घट्ट दाबली, वायरवर नळी चढवली, पत्रा लावला. ओव्हन रिकामाच चालू केला. रॉड हळूहळू तांबूस झाले आणि मग लाल. विहीणबाईंनी हात जोडले. संध्याकाळी मुलगा, सून, शेजारचे, सगळे कौतुक करून गेले. ते कौतुक मी घेतलं.

नंतरचं वर्ष मला जड गेलं, तरी वरून सगळं हसतखेळतच होतं. सुनेचा फोन यायचा, तिच्या कॉलेजच्या गमती सांगायची, आणि मध्येच म्हणायची, "आबा, आई माझ्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवत नाही हो. हॉलमध्ये बसते. बट्ट्यासुद्धा तिच्या घरी करून डब्यात आणते. मिक्सरलाही हात लावत नाही. मी कॉलेजातून आले की आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून बोलायचो, तेवढाच आमचा वेळ होता."

हे ऐकल्यावर मी दर वेळी ठरवायचो, आता सांगायचं. आणि दर वेळी एक अडचण दिसायची. तुपाचा आळ काढायचा तर वांगं कुठे भाजलं ते सांगावं लागणार. आणि ते सांगितलं, की ज्यांच्या जिभेवर आचारी विश्वास ठेवतात त्या बाईंनी ओव्हनमधल्या वांग्याला धूर लागला म्हणून डोळे मिटून दाद दिली, हेही उघडं पडणार. त्यांना एका लाजेतून सोडवून दुसऱ्या लाजेत टाकायचं. असं मी स्वतःला सांगत होतो. खरं सांगायचं तर नाक माझंच जाणार होतं. ज्या माणसानं गॅसवाल्यांना पंगतीत बोलून घेतलं, त्यानं ओव्हनमध्ये भरीत केलं, हे मला लोकांना कळू द्यायचं नव्हतं.

चोपड्याच्या लग्नातला विनोद कानावर आला तेव्हा मात्र राहवेना. या हिवाळ्यात पुन्हा वांगी घेऊन देवपूरला गेलो. दुपारी विहीणबाई आल्या आणि हॉलमध्ये दाराजवळच्या खुर्चीत बसल्या. बायको मटार सोलत होती. मी समोर बसून सगळं सांगितलं. थंड चूल, काढलेला ट्रे, फुटलेलं वांगं, ओलं फडकं, बिया. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुढचं बोललो नसतो.

बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली. विहीणबाई जमिनीकडे बघत होत्या. मला वाटलं, आता उठून जातील.

"मंग धूर कोठून उना?" त्या म्हणाल्या.

"अं?"

"चूल नव्हती. मंग धूर कोठून उना? मनी जीभ खोटी नही, भाऊ."

"विहीणबाई, ओव्हनचं काय म्हणता? तुमच्या तुपानं नाही बिघडला तो."

"ते समजनं मले. धुराचं सांगा."

त्या उठल्या, पदर खोचला आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. "या इकडे," आतून आवाज आला. "मनासमोर भाजा."

मी वांगी धुतली, टोचली, तेल लावलं. या वेळी ट्रे त्यांनी स्वतःच्या हातानं खाली सरकवला आणि मी काही बोलण्याआधीच म्हणाल्या, "राहू द्या." वांगी भाजेपर्यंत त्या ओव्हनसमोरून हलल्या नाहीत. दाराच्या काचेतून बघत होत्या. मग सोललं, ठेचलं, फोडणी दिली. त्यांनी बोटावर घेऊन चाखलं, थोडं थांबल्या, पुन्हा चाखलं.

"गोड शे. धूर नही." मग माझ्याकडे वळून, "त्या दिवशी व्हता."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, जो वर्षापूर्वीच पडायला हवा होता. त्या दिवशी ट्रे नव्हता. वांग्याचा रस लाल रॉडवर पडून जळत होता, आणि तो सगळा धूर बंद ओव्हनमध्ये वांग्यांनाच लागत होता. ज्या रसानं क्लिप जाळली त्याच रसानं भरीत धुरकट केलं होतं. खिडक्या मी स्वतः उघडल्या होत्या आणि तरी हे मला सुचलं नव्हतं. मी हे विहीणबाईंना समजावून सांगितलं, रॉडवर बोट ठेवून.

त्यांनी शांतपणे ऐकलं आणि माझ्या बायकोला हाक मारली. "ऐकं का? धूर व्हता."

"होता तर," बायको दारातून म्हणाली. "इकडे वर्षभर मी तीच चूल सगळ्यांना वर्णन करून सांगतेय. वॉचमनच्या बायकोला मी साडीसुद्धा दिली, आमचं भरीत भाजू दिलं म्हणून. तरीच ती बाई माझ्याकडे अशी बघत होती."

हे मला माहीत नव्हतं. विहीणबाई इतक्या हसल्या की त्यांना ओट्याला धरून उभं राहावं लागलं. बायकोही हसायला लागली, आणि मग मलाही हसण्याची परवानगी असावी असं वाटलं.

हसून झाल्यावर विहीणबाईंनी अट घातली, की हे चोपड्याच्या सगळ्यांना कळलं पाहिजे. "चोपडाले सांगा. बठ्ठासले."

तिथूनच त्यांच्या भावाला फोन लावला. मी पुन्हा सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे भरीत तुम्ही ओव्हनमध्ये भाजलं? तुम्ही?"

"हो."

"काड्या नाही, चूल नाही?"

"नाही."

"थांबा जरा, घरात सांगून येतो."

बट्टीचं त्यांनी एका शब्दानंही विचारलं नाही. आता चोपड्याला माझी गोष्ट सांगतात आणि तिच्यात रोज काहीतरी भर पडते. परवा ऐकलं, की मी कुकरमध्येही भरीत करतो. ते खरं नाही. वांगी दोनदाच ओव्हनमध्ये भाजली, त्यातली दुसरी वेळ विहीणबाईंच्या देखरेखीखाली, आणि पहिल्या वेळी ओव्हन माझ्यामुळे बिघडला. एवढंच खरं आहे आणि ते तसंच सांगितलं जावं.

त्या संध्याकाळी विहीणबाईंनी परातीत पीठ घेतलं. सून कॉलेजातून आली, पर्स खुर्चीवर टाकली, पाणी प्यायला आत गेली आणि दारातच उभी राहिली. आई ओट्याशी बट्ट्यांना तूप लावत होती, सढळ हातानं.

"आई, मीठ घातलंस का?" तिनं एवढंच विचारलं.

"तू आधी हात धुई ये."

मग दोघींच्या बोलण्याचा आवाज सुरू झाला, हळू, मध्येच हसणं, मध्येच भांडं. ओव्हनचा टायमर टिकटिकायला लागला. मला वाटलं, रॉड नीट लाल होतो का ते एकदा बघून यावं. दारापर्यंत गेलो तर विहीणबाईंनी मान वळवली.

"भाऊ, तुमी तठेच बठा."

मी हॉलमध्ये जाऊन बसलो.